श्रद्धांजलीच्या यादीतून गाळलेलं नाव

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या गणपतीत दीपप्रज्वलनानंतर वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून दाखवली. कुणाचे भारतातले आईवडील होते, कुणी मंडळाचे जुने कार्यकर्ते होते. सगळे उभे राहिलो, मग सगळे बसलो. आपल्या ढोल-ताशा पथकातला, आत्महत्येने गेलेला मुलगा त्या यादीत नव्हता. मी कार्यकारिणीतल्या एकांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, त्याच्या आईवडिलांना पुन्हा त्रास कशाला? शिवाय समोर लहान मुलं बसलेली." आईवडिलांना विचारलं होतं का? नव्हतं विचारलं.

आणि समोर बसलेली लहान मुलं कोण? निम्मी तरी त्याच्याच हाताखाली ताशा शिकलेली. घरी येताना माझ्या मुलीने गाडीत विचारलं, "दादाचं नाव का नाही घेतलं? त्याने काही वाईट केलं होतं का?" मुलांना आपण काहीच सांगितलं नाही, अशी आपली समजूत आहे. त्यांना नेमकं हेच ऐकू गेलं, की या तऱ्हेने जो जातो त्याचं नाव मोठी माणसं घेत नाहीत. उद्या त्यांच्यातल्याच कुणाला रात्र रात्र झोप येईनाशी झाली, जगणं नकोसं झालं, तर ते मूल आपल्यापैकी कुणाकडे येईल?

त्याच्या आईशी मी अधूनमधून बोलते. ती म्हणते, सुरुवातीला डबे खूप आले, फोनही आले. आता लोक भेटतात, थंडीचं बोलतात, भारतात कधी जाणार ते विचारतात. तिने स्वतःहून लेकाचा विषय काढला, की समोरचा माणूस पर्स चाचपायला लागतो. तिच्या कानावर हेही आलं आहे, की तो हृदयविकाराने गेला असं मंडळात सांगितलं जातं. तिने असं कुणालाही सांगितलेलं नाही. तिला हवं आहे ते फार थोडं. पथकाच्या सरावात तो कसा ओरडायचा, हॉल रिकामा झाल्यावर कुणाच्या आजोबांना हात धरून गाडीपर्यंत कसा न्यायचा, ते कुणीतरी तिला सांगावं. त्याच्या वाढदिवसाला कुणाचा तरी फोन यावा. मनाचा आजार होता तो, आणि शेवटच्या वर्षात वाढला होता. पण त्याआधीची सगळी वर्षं तो हसत-खेळत आपल्यातच वाढला, ती वर्षंही आपण पुसून टाकतो आहोत.

माझ्या सासऱ्यांची बायपास झाली, तेव्हा कुठल्या धमनीत किती अडथळा होता ते मंडळात सगळ्यांना पाठ होतं. मनाचा आजार मात्र आपण दार लावून कुजबुजत बोलतो. हे असंच असतं, असंही नाही. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी आपल्यासारखेच देश सोडून आलेले. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, हे त्यांनी लपवलं नाही. 1997मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'च्या पाठीशी ते उभे राहिले. तो चित्रपट पाहून आपण हळहळतो, आणि आपल्याच हॉलमध्ये एक नाव घ्यायला कचरतो!

मुलांच्या मनात नको ते विचार येतील, ही भीती खोटी नाही, म्हणून तिच्याबद्दलही बोलते. आत्महत्येचे विचार येतात का, असं थेट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत, असं या विषयातले तज्ज्ञ अभ्यासाअंती सांगतात. उलट बोलायला वाट मिळते. जपायचं ते वेगळंच. कसं घडलं याचं वर्णन करू नये, चिठ्ठीची चर्चा करू नये, एका परीक्षेवर किंवा एका मुलीवर सगळं ढकलू नये, आणि 'सुटला बिचारा' असं तर चुकूनही म्हणू नये. 'आजारी होता, आपल्याला तो फार हवा होता, तुम्हाला कधी जगणं नकोसं वाटलं तर आम्हाला सांगा' एवढं लहान मुलांनाही समजतं.

आणखी एक गोष्ट. इथे मुलगा 18 वर्षांचा झाला, की डॉक्टर किंवा कॉलेज त्याच्या परवानगीशिवाय सहसा पालकांना काही सांगत नाहीत. ही परवानगी कशी घ्यायची, यावर मंडळाने एक सत्र ठेवावं. भारतातून एकटे शिकायला आलेल्यांचा तर आपण विचारच करत नाही. समुपदेशक मराठी असला तर गोष्ट गावभर होईल, ही भीतीही आहेच. त्यावर पुन्हा कधी लिहीन.

उपदेश जास्त झाला, याची जाणीव आहे. कार्यकारिणीतली माणसं माझ्या घरातलीच आहेत. तो गेला त्या आठवड्यात विमानतळावर रात्री-अपरात्री नातेवाइकांना आणायला तीच गेली होती. नाव गाळलं तेही मायेपोटीच. कुणी दुखावलं असेल तर क्षमा करा, पण मागणी मी मागे घेत नाही.

इथे मीही त्याचं नाव लिहिलेलं नाही, कारण ते छापायचं की नाही हे त्याच्या आईवडिलांनी ठरवायचं आहे. मंडळाच्या दिवाळी अंकाचं श्रद्धांजलीचं पान जुळवण्याआधी संपादकांनी त्यांना फोन करावा. 'नको' म्हणाले तर नको. आणि त्याच पानावर एक चौकट टाकावी: अमेरिकेत 988, जुलै 2022पासून देशभर सुरू, दिवसरात्र फोन करा किंवा मेसेज पाठवा. भारतातल्या भाचे-पुतण्यांसाठी टेली-मानस, 14416. जाहिरातींमुळे जागा उरत नसेल, तर माझ्या या लेखातला एखादा परिच्छेद कापा.