टॅबही कपाटात, पुस्तकंही कपाटात

गेल्या महिन्यात वरळीला मावशीकडे दोन दिवस मुक्काम होता. बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, पाच माणसं आणि घरात असतो तो एकच मोबाइल. नातू सातवीत. सहज विचारलं, "शाळेच्या लायब्ररीतून काय आणलंस रे वाचायला?" तर म्हणतो, "काका, लायब्ररीला कुलूप असतं. चावी सरांकडे, आणि सर ड्युटीवर."

पत्रकाराची खोड. गेलो शाळेत. नाव लिहीत नाही, कारण आमच्या तालुक्यातही हेच चित्र आहे. दोन हजारांवर पुस्तकं, पण रजिस्टरला नोंद खरेदीच्या तारखेप्रमाणे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणालाच सांगता येईना. शेजारच्या खोलीत स्मार्ट बोर्ड. त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं!

आपल्याकडे शाळेत तंत्रज्ञान म्हणजे खरेदी. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तराचं ओझं कमी व्हावं, हा हेतू चांगलाच होता. पण २०१८ मध्ये आठवीची पुस्तकंच बदलली. यंत्र जुनं होतं, त्यातला अभ्यासक्रमही जुना होतो. गोष्टीचं पुस्तक मात्र तसं जुनं होत नाही. फक्त ते सापडलं पाहिजे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं म्हटलंय. वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं त्यात आलं. पण कमी पटाच्या शाळेला ग्रंथपालाचं पदच मिळत नाही. मग मराठीच्या बाई किंवा पीटीचे सर तेही सांभाळतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. एकीलाही टेंडर लागत नाही.

१) मोबाइलवर गूगल शीट उघडा. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट नंबर, कुणाकडे आहे, परत कधी. टायपिंगचा कंटाळा असेल तर मराठीत बोला, मोबाइल लिहून घेतो. नववीच्या मुलांना सोबत घ्या. रोज वीस पुस्तकं केली तरी शंभर दिवसांत दोन हजार. यादीत मुलांचे आधार किंवा फोन नंबर टाकू नका, इयत्ता आणि हजेरी नंबर पुरे.

२) पुढे मोठी व्यवस्था हवी असेल तर 'कोहा' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाने २००० मध्ये ते सुरू केलं, आज जगभर चालतं.

३) प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत आहेत. डाउनलोड करा, छापा, वर्गात वाटा, परवानगी आहे. तो प्लास्टिकमधला बोर्डही त्यासाठी उघडा.

४) प्रकल्पासाठी मुलं यूट्यूब धुंडाळतात. त्यांना ऑनलाइन मराठी विश्वकोश दाखवा. फाटलेल्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवर मिळते, तीही फुकट.

कुणी म्हणेल, शिक्षकांवर आणखी एक काम? बरोबर आहे. आधीच माहिती भरता भरता ते मेटाकुटीला आलेत. म्हणूनच माझी मागणी साधी आहे. नवं यंत्र घेण्याआधी त्या शिक्षकाला आठवड्याचे चार तास ग्रंथालयासाठी वेळापत्रकात लिहून द्या. आणि दोन-तीन लहान शाळा मिळून एक ग्रंथपाल नेमा. यंत्र विकत घेतल्याचा फोटो छापून येतो, माणूस नेमल्याचा येत नाही, एवढीच अडचण आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. मावशीचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर त्या पोराला टेकून वाचायला जागा आहे ती शाळेतच. निदान तिथली चावी तरी आत्ता द्या.

तुमच्या गावच्या शाळेत लायब्ररीची चावी कुणाकडे असते? विचारून बघा आणि खाली लिहा.