मांजर विकत घ्यावे काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक मोठा प्रश्न उपस्थित झाला. प्रश्न सीमेचा नव्हता, नळाच्या पाण्याचा नव्हता, माझ्या इंग्रजीच्या गुणांचाही नव्हता. सातवीत शिकणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला मांजराचे पिल्लू हवे होते; आणि तेही साधेसुधे नव्हे, पर्शियन. तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे तसले आहे म्हणे. पांढरेशुभ्र, कापसाच्या पेळूसारखे. किंमत बारा हजार रुपये. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "मांजर आहे की म्हशीचे रेडकू?"

आजीला तर हा व्यवहारच कळेना. "मांजर विकत घेऊलासा? आमच्या येळेला नको म्हटलं तरी येऊन बसत होती!" असे म्हणून ती पुन्हा वाती वळू लागली. तिचे म्हणणे खोटे नाही. आजोबा शहापुरात मागावर बसत. उंदीर सूत कुरतडत, म्हणून मागाच्या खोलीत एखादे मांजर असायचेच. ते कोणी आणलेले नसे आणि कोणी हाकललेलेही नसे. त्याला वाडग्यात भाकरी कुस्करून मिळे, बाकीचे ते आपले आपण पाही.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. मांजर विकत घेऊ नये. ज्याला घर नाही असे आणावे. परंतु हे मत मी घेऊन जन्मले नाही. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात मी बहिणीच्याच बाजूची होते. बारा हजारांपैकी दोन हजार माझ्या शिष्यवृत्तीतून देण्याचेही मी कबूल केले होते.

दुकानात आम्ही तिघे गेलो. दुकान कोणते ते सांगत नाही. पोपटांच्या आणि माशांच्या गर्दीत एका पिंजऱ्यात राखी रंगाचे पिल्लू बसले होते. नाक इतके चपटे की ते जणू आत दाबून बसवले असावे. एका डोळ्यातून पाणी गळत होते. दुकानदार म्हणाला, "दोन महिन्यांचं आहे. पंच फेस आहे, पंच फेस. डॉल फेस स्वस्त पडतं." चेहऱ्याला ठोसा मारल्यासारखे म्हणून पंच फेस, आणि ते जास्त महाग. बाबांनी सहज विचारले, "याची आई कुठे आहे?"

"आई बेंगळूरला."

पिल्लाची आई बेंगळूरला, बापाचा पत्ता नाही, आणि पिल्लू बेळगावात पिंजऱ्यात. त्याचे डोळे अजून निळे होते आणि चालताना मागचे पाय लटपटत होते. जनावरांच्या डॉक्टरांना नंतर विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की पिल्लांच्या डोळ्यांचा हा जन्मजात निळेपणा साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासून जाऊ लागतो. म्हणजे हे पिल्लू दोन महिन्यांचे असण्याची शक्यता कमीच. केंद्र सरकारने २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. आठ आठवड्यांच्या आतले मांजराचे किंवा कुत्र्याचे पिल्लू विकता येत नाही आणि दुकानाची राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, असे त्यात आहे. आठ आठवडे हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे शिकते ते जन्मभर राहते. किती जोराने चावले की भावंड ओरडते, माणसाच्या हाताला भ्यायचे की नाही, हे सारे ते आईच्या कुशीत आणि भावंडांच्या मारामारीत शिकते. ही शाळा अर्धवट सोडून आलेले पिल्लू पुढे हात ओरबाडते आणि आपण म्हणतो, जात कृतघ्न!

जातीवरून आठवले. आपण माणसांतल्या जाती मोडाव्यात म्हणून वक्तृत्व स्पर्धा घेतो आणि मांजर घेताना मात्र 'जातिवंत' शोधतो. वास्तविक मांजराची जात ही फार अलीकडची गोष्ट आहे. धान्याची कोठारे झाली, कोठारात उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. पश्चिम आशियात हजारो वर्षांपूर्वी हे घडले आणि त्यात माणसाने निवड अशी केलीच नाही. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. उलट जातिवंत मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरले ते १८७१ साली. म्हणजे नाक किती चपटे असावे, केस किती लांब असावेत, याची गुणपत्रिका माणसाने मांजराच्या हाती दिली त्याला जेमतेम दीडशे वर्षे झाली. तेवढ्यात आपण त्याचा श्वास कोंडून ठेवला. चपट्या तोंडाच्या मांजराची अश्रुनलिका वाकडी होते, म्हणून डोळे गळतात. ते घोरते, ते आपल्याला गोड वाटते. शिवाय पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. आईबापांपैकी एकाला असला तर सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. त्यामागचा जनुकीय दोष २००४ साली सापडला, त्याची तपासणीही होते. आमच्या दुकानदाराला मी हे विचारले असते तर त्याने मला पोपट दाखवला असता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मांजराची आई दाखवणारा, तपासणीचे कागद दाखवणारा, तीन महिन्यांआधी पिल्लू न सोडणारा आणि 'तुम्हाला जमले नाही तर मलाच परत आणून द्या' म्हणणारा माणूस असू शकतो. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण असा माणूस पिल्लू पिंजऱ्यात घालून चारशे-पाचशे किलोमीटर पाठवणार नाही. बाजारात आपल्याला जो भेटतो तो हा नव्हे.

त्या दिवशी आम्ही पिल्लू न घेता परतलो. बहीण वाटभर रडली. मला मात्र रात्री झोप आली नाही, त्याचे कारण ते पिल्लू नव्हते.

मी पाचवीत असताना आमच्या माळ्यावर एका मांजरीने तीन पिल्ले घातली होती. एक पिवळे, दोन काळीपांढरी. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते म्हणतात, पण तिने आमचेच घर सातही वेळा पसंत केले असावे. गादीवर घाण झाली, पापडांच्या डब्याशेजारी घाण झाली. घरात सर्वांचा विचार झाला आणि एका संध्याकाळी माझ्या हातात नायलॉनची बाजारची पिशवी देण्यात आली. शेजारच्या दादाच्या सायकलवर मागे बसून मी मासळी बाजारापर्यंत गेले. "तिथे खायला मिळतंय, जगतील," असे सर्वांनी सांगितले होते, आणि मला ते पटवून घ्यायचे होते. पिशवी उपडी केली तेव्हा पिवळे पिल्लू माझ्या चपलेवर येऊन बसले. मी पाय झटकला. तीन दिवस ती मांजरी माळ्यावर फिरून हाका मारत होती आणि आम्ही रेडिओ मोठा लावत होतो.

१९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला उपाशी-तहानलेले तडफडावे लागेल असे सोडून देणे हा गुन्हा ठरवला. हा कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत प्रथम आवाज उठवणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. त्यांना आपण नृत्यासाठी ओळखतो, यासाठी फारसे नाही. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो १० ते ५० रुपये. पाचवीतल्या मुलीला कोणी दंड करणार नाही, पण पन्नास रुपये भरून ते पिवळे पिल्लू चपलेवरून उतरले असते तर मी आनंदाने भरले असते.

आमच्या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना एक म्हण ठाऊक आहे: 'बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट.' मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो, ही आपली मराठी म्हण तीच. मला वाटते आता ती एक पायरी वर सरकवायला हवी. खेळ आपला होतो आणि जीव मांजराचा जातो.

दुसऱ्या रविवारी आम्ही अनगोळच्या बाजूला एका अक्कांकडे गेलो. रस्त्यावरची, गटारातली, पिशवीतून टाकलेली मांजरे त्या घरी आणून जगवतात. संस्था नाही, पाटी नाही. दोन खोल्यांत तेवीस मांजरे. मी तिथे जाताना डोळ्यांत पाणी आणून गेले होते, पण सांगायला हवे की पहिल्या पाच मिनिटांत माझ्या नाकाने बंड केले. दोन पिल्ले शिंकत होती. कोपऱ्यात एक बोका कोणालाही पाहून फिस्कारत होता. अशा ठिकाणी पॅनल्यूकोपेनिया शिरला की एका आठवड्यात निम्मी पिल्ले जातात. या रोगाचे विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन् महिने टिकतात. अक्कांनीच हे सांगितले, लपवले नाही. म्हणून त्या नव्या पिल्लाला पंधरा दिवस वेगळे ठेवतात. दुकानदाराने गळणारा डोळाही 'थंडीमुळे' म्हणून सांगितला होता.

अक्का अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलतात. त्यांनी बहिणीला मांजर दाखवण्याऐवजी आम्हालाच बसवून विचारायला सुरुवात केली. घर भाड्याचे की स्वतःचे? मालक चालवून घेतो का? गच्चीला जाळी आहे का? घरात मांस-मासे येतात का? आईने अवघडून सांगितले, "अंडं चालतं." अक्का हसल्या. दूधभातावर मांजर वाढत नाही. गाईचे दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही. मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य नसले तर त्यांची दृष्टी जाते, हृदय बिघडते. "तुम्ही खाऊ नका, पण त्याला घाला. जमेल का, तेवढं सांगा." आई दोन मिनिटे गप्प होती. मग म्हणाली, "भांडं वेगळं ठेवीन." आमच्या घराच्या इतिहासात हे वाक्य किती मोठे आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू किती वर्षं हितं?"

मी गडबडले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे पुणे, नाहीतर बेंगळूर. आपल्यापैकी निम्म्यांचे तेच होते. अक्का म्हणाल्या, "माझ्याकडची आठ मांजरं अशीच आली. पोरं नोकरीला गेली, आईवडिलांना होईना. त्यातलं एक बारा हजाराचंच हाय." आणि त्यांनी फिस्कारणाऱ्या बोक्याकडे बोट दाखवले. केस गुंतून त्याच्या अंगावर वाकळ झाली होती, ती कापल्यावर खालून हा निघाला. मी त्याला पर्शियन म्हणून ओळखलेच नव्हते.

आमच्या एका सरांनी कधी तरी रामानुजांच्या अनुयायांतला वाद सांगितला होता. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. भक्ताने कोणासारखे असावे? मला तेव्हा मांजराचे पिल्लू आळशी वाटले होते. अक्कांच्या खोलीत वाटले, त्याला दुसरा इलाजच नाही. धरणारा दात सुटला की संपले. घरचे मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. तेवढी वर्षे धरायचे.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, फुकट मिळते म्हणून तू रस्त्यावरचे घेतेस. फुकट काही नाही. लसी आठव्या आठवड्यापासून, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांनंतर रेबीजची. आणि शस्त्रक्रिया, जी आपल्याकडे लोक 'पाप' म्हणून टाळतात. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, वर्षात दोनदा तर सहज. ते पाप नको म्हणणाऱ्याच घरातून पुढे नायलॉनची पिशवी निघते. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला जावे लागते असे आजी सांगते. पिशवीतल्यांचा हिशेब त्यात कुठे बसतो, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, "वाती संपल्या, कापूस आण."

बहिणीने अखेर एक निवडले. काळेपांढरे, शेपटीला गाठ असलेले, अक्कांच्या पदरात झोपलेले. अक्कांनी ते लगेच दिले नाही. माझी परीक्षा संपू दे, गच्चीला जाळी लागू दे, आणि मी बाहेरगावी गेल्यावर ते कोणाचे, हे आईने स्वतः येऊन सांगू दे, असे त्या म्हणाल्या. जाळी लागली आहे. बाबांनी जुन्या घमेल्यात वाळू चाळून ठेवली आहे. आई मागच्या गुरुवारी एकटीच अनगोळला जाऊन आली. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही, पण येताना तिने ॲल्युमिनियमचे एक छोटे भांडे आणले आणि ते मोरीजवळच्या फळीवर, आमच्या भांड्यांपासून वेगळे, पालथे घालून ठेवले.