डास दिसले, कारण दिसलं नाही



डेंग्यूला मराठीत 'हाडमोड्या ताप' असंही म्हणतात. अशा तापाचं नीट वर्णन सुरुवातीच्या काळात ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश होते. १७८० साली तिथे साथ आली, तेव्हा लोक तिला 'हाडं मोडणारा ताप'च म्हणत, अशी त्यांची नोंद आहे.

रश नुसते डॉक्टर नव्हते. एडिंबरोहून वैद्यक शिकून आलेला हा माणूस राजकारणातही उतरला. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली, तेव्हा त्यांचं वय होतं तीस. मनोरुग्णांना कोंडून ठेवू नका, त्यांच्यावर उपचार करा, असं सांगणारे ते त्या काळातले मोजके डॉक्टर.

मग १७९३ साल उजाडलं. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पन्नास हजारांच्या वस्तीतली जवळपास पाच हजार माणसं गेली. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. रश मात्र थांबले. त्यांची बहीण दगावली, ते स्वतः आजारी पडले, तरी रुग्ण तपासत राहिले.

पण वाचकहो, धैर्य आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रश रुग्णांचं भरपूर रक्त काढत आणि पाऱ्याचं जालीम रेचक देत. इतर डॉक्टरांनी विरोध केला, पण त्यांनी ऐकलं नाही. जे बरे झाले, ते त्यांना आपल्या उपायाचा पुरावा वाटले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, असंही ते मानत. त्यांच्या आवाहनावरून अनेक कृष्णवर्णीय शुश्रूषेला धावून आले. त्यांच्यातलेही कितीतरी दगावले.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. त्या वर्षी डास फार होते, हे रश यांनी लिहून ठेवलंय! पण साथीचा दोष त्यांनी दिला धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीच्या दुर्गंधीला. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे क्यूबात वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोगांनी सिद्ध केलं ते १९०० साली. आणि तोच एडिस डास आज आपल्याकडे डेंग्यू पसरवतो.

म्हणून फोनवर 'आमच्याकडे सगळे यानेच बरे झाले' असा उपाय आला, की पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा: हा उपाय न करताही किती जण बरे झाले असते? सांगणारा माणूस प्रामाणिक असेल, रशही होतेच.

आणि हो, आज कूलरमधलं आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी तेवढं ओतून टाका.