उडणारी पोरं आणि खांबाआडची बहीण

मुलींच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा की नाही, यावर आपल्या गटांमध्ये गेली काही वर्षं वाद चालू आहे. अकोला-अमरावतीच्या किशोरी शिबिरांचा अहवाल लिहायला बसलं की हा विषय टाळता येत नाही. यंदा त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली. मुली म्हणे जपानी 'कार्टून' बघतात. प्रेमाबिमाची नव्हे, खेळाची. शाळेच्या संघाची. त्यातली पोरं दोन पुरुष उंच उडी मारतात, चेंडूला आग लागते आणि एक सामना महिनाभर चालतो. "असलं खोटंनाटं बघून पोरी कामातून जातील," असं एका ज्येष्ठ मैत्रिणीनं बैठकीत सांगितलं आणि बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

मला हे म्हणणं मान्य नाही. या चित्रकथांवर माझाही राग आहे आणि तो मी पुढे सांगणारच आहे. पण तो त्यांच्या अतिशयोक्तीवर नाही.

ज्या मैत्रिणींनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जपानमध्ये चित्रकथांना मांगा म्हणतात, त्यांच्यावरून केलेल्या चित्रमालिकांना ॲनिमे. शाळेच्या संघाच्या गोष्टी हा तिथला जुना आणि फार खपणारा प्रकार. योइची ताकाहाशींची 'कॅप्टन त्सुबासा' 1981 साली सुरू झाली. तिच्यात फुटबॉलचं मैदान इतकं लांब की पळणाऱ्या मुलाला पलीकडचा गोल क्षितिजाखालून वर येताना दिसतो. ताकेहिको इनोउए यांची बास्केटबॉलवरची 'स्लॅम डंक' 1990 ते 1996 चालली. आपल्या मुलींच्या तोंडी सध्या जास्त असते ती हारुइची फुरुदाते यांची 'हायक्यू', 2012 ते 2020, पंचेचाळीस खंड, शाळेच्या व्हॉलीबॉल संघावर. तिचा नायक हिनाता बुटका आहे. व्हॉलीबॉलमध्ये बुटका. तो उडतो.

मुलींना हे का आवडतं, ते त्यांनाच विचारलं. एक म्हणाली, "ताई, थो बुटका हाय ना, तरी उडते. आमच्या शाळेत तं उंच पोरीच घेतात संघात." दुसरी म्हणाली, "खरं तं आमाले बी मालूम हाय का असं उडता येत नाही. पण पायताना आंगात येते." तिसरीनं सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, "त्याइच्या संघात कोणी कोणाले सोडत नाही." तेव्हा फसवणुकीचा प्रश्नच नाही. उडणं खोटं आहे हे मुलींना ठाऊक आहे. आपल्या आज्या मारुती समुद्रावरून उडाल्याची गोष्ट ऐकत होत्या, म्हणून त्या विहिरीत उड्या मारत सुटल्या नाहीत. ज्या मुलीला घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना 'कुठं चालली, कोणासंगं, कवा येशील' ही तीन उत्तरं द्यावी लागतात, तिला हवेत लटकलेलं एक शरीर बघावंसं वाटलं तर त्यात नवल काय? त्या क्षणाला चित्रकार पानंच्या पानं देतो. आपल्या मुलीच्या शरीराकडे इतकं निरखून, तिला न हिणवता, कोणी पाहिलंय? पाळी आल्यापासून तिला एकच सांगितलेलं असतं, अंग चोरून चाल.

तेव्हा अतिशयोक्तीला दोष देऊ नका. दोष आहे तो या गोष्टी जे गाळतात त्यात.

या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष म्हणावी अशी चित्रकथा म्हणजे 'क्योजिन नो होशी'. लेखक इक्की काजिवारा, चित्रकार नोबोरू कावासाकी, काळ 1966 ते 1971. खेळ बेसबॉल. गरीब बापानं आपलं मोडलेलं स्वप्न मुलाच्या अंगावर लादायचं, त्याला थोबाडीत मारायचं, त्याच्या अंगाला स्प्रिंगा बांधून हात बळकट करायचे, आणि मुलानं रडत-रडत मोठं व्हायचं. आई वारलेली आहे. घर चालवते मोठी बहीण, अकिको. भाऊ सराव करतो तेव्हा ती झाडाआड, खांबाआड उभी राहून डोळे पुसते. जपानमध्ये हे चित्र इतकं प्रसिद्ध झालं की आडोशाला उभं राहून कुणासाठी झुरणाऱ्या बाईची ती खूणच बनली.

आता ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेली आहे. 2012 च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर 'सूरज : द रायझिंग स्टार' नावाची चित्रमालिका सुरू झाली होती. तीच कथा, बेसबॉलच्या जागी क्रिकेट, जपानी गल्लीच्या जागी मुंबईची वस्ती. बापाच्या स्प्रिंगा आपल्याकडे छळासारख्या दिसतील म्हणून त्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबा घातल्या! छळ तोच, सामान देशी. ही मालिका फार कोणाच्या लक्षात राहिली नाही. पण 2016 चा 'दंगल' सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि त्यातही बापाचं स्वप्न मुलांच्या अंगावर चढवण्याचंच काम आहे. या वेळी मुली आहेत एवढाच फरक. मुलींना विचारलं कोणी? चित्रपट म्हणतो, जिंकल्या ना, मग झालं.

खांबाआडची ती बहीण मला आपल्याकडे घरोघर दिसते. दर्यापूर असो की तेल्हारा, भावाची जर्सी कोण धुतं? तो मैदानावरून येईपर्यंत भाकरी कोण टाकून ठेवतं? भावाच्या बुटांसाठी कुणाचं ट्यूशन बंद होतं? हिरो घडवण्याचा खर्च घरातल्या बाईच्या खात्यावर पडतो आणि तो कुठल्याच चित्रात काढला जात नाही. आणि गंमत बघा, ही चित्रकथा आपली मुलगी बघते ती भावाच्या मोबाइलवर, भावाच्या रिचार्जवर, तो अंघोळीला गेला तेवढ्या वेळात.

पन्नास वर्षांत काही बदललं असेल असं वाटून मी 'हायक्यू'कडे आशेनं पाहिलं. तिथं बहीण खांबाआडून बाहेर आली आहे. आता ती संघाची 'मॅनेजर' आहे. म्हणजे काय करते? पाण्याच्या बाटल्या भरते, टॉवेल देते, वहीत गुण लिहिते. कियोको नावाची ही मुलगी आधी अडथळ्यांच्या शर्यती पळायची. तिच्या पायावर त्याचे वण आहेत. धावणारी मुलगी बाटल्या भरायला का आली, हा प्रश्न पंचेचाळीस खंडांत महत्त्वाचा ठरत नाही. त्याच शाळेत मुलींचाही व्हॉलीबॉल संघ आहे, तो पटकन हरतो आणि गोष्ट पुढे जाते. मित्सुरू अदाचींच्या 'टच'मध्ये तर (1981 ते 1986) नायिकेचं स्वप्नच असं आहे की मला कोशिएनला घेऊन चला. कोशिएन म्हणजे शालेय बेसबॉलचं तिथलं पंढरपूर. 2016 साली एका शाळेची मॅनेजर मुलगी सरावासाठी त्या मैदानात उतरली तर तिला बाहेर काढलं. मुलींच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा अंतिम सामना तिथं पहिल्यांदा झाला तो 2021 मध्ये. चित्रकथेत चेंडू पेटू शकतो, मुलगी मैदानात उतरू शकत नाही. अतिशयोक्तीचीही जात-लिंग पाहून वाटणी होते ती अशी.

याउलट खरा इतिहास काय सांगतो? 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि जपानी बायकांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यातल्या बहुतेक जणी ओसाकाजवळच्या निचिबो सूतगिरणीच्या नोकर होत्या. (आपल्या अमरावतीच्या नावानं 'उमरा' म्हणून विकला जाणारा कापूस एके काळी जपानी गिरण्या घेत होत्या, तेव्हा या बायका आपल्याला अगदीच परक्या नाहीत.) दिवसा गिरणीत काम, मग मध्यरात्रीपर्यंत सराव. जग त्यांना 'पूर्वेच्या चेटकिणी' म्हणालं. बाई जिंकली की चेटकीणच! त्यांच्या विजयानंतर 1968 मध्ये चिकाको उरानो या बाईनं मुलींच्या साप्ताहिकात 'अटॅक नंबर वन' ही मुलींच्या संघाची चित्रकथा काढली आणि जपानभर पोरी व्हॉलीबॉल खेळू लागल्या. म्हणजे चित्रकथेनं काम केलं. पण प्रशिक्षक दाईमात्सू बायकांना ज्या निर्दयपणे राबवत होता, ती निर्दयताही तिनं 'जिद्द' म्हणून पुढच्या पिढीच्या गळी उतरवली.

ही जिद्द कुठवर जाते? 2012 च्या डिसेंबरात ओसाकाच्या साकुरानोमिया शाळेतल्या बास्केटबॉल संघाच्या सतरा वर्षांच्या कर्णधारानं प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात उघड झालं की जपानच्या पंधरा महिला ज्यूदोपटूंनी राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध एकत्र तक्रार केली आहे. त्याला पद सोडावं लागलं. पंधरा जणी एकत्र! 'कोणी कोणाले सोडत नाही' असा संघ पाहायचा असेल तर मला तो इथं दिसतो. आपल्याकडे 2023 मध्ये महिला पैलवान कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करत जंतरमंतरवर बसल्या आणि मे महिन्यात पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलं, तेही असंच. यावर चित्रकथा कोण काढणार?

न्यायानं बोलायचं तर 'हायक्यू'त एक चांगली जागा आहे. ऐन राष्ट्रीय स्पर्धेत हिनाताला ताप येतो, त्याला मैदानाबाहेर बसवलं जातं आणि संघ हरतो. शरीर सांभाळणं हाही खेळाचाच भाग आहे, असं त्याचे शिक्षक त्याला सांगतात. जिद्दीच्या बाजारात हे मोठं धाडस आहे. पण तो ताप दमलेल्या, खाऊन-पिऊन असलेल्या मुलाचा ताप आहे. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींना रक्तक्षय आहे. तिला जिद्द शिकवायची की मूठभर शेंगदाणे-गूळ द्यायचा?

आणि मैदान? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान आणि मुलींना वेगळं शौचालय लिहिलेलं आहे. प्रवासही स्वस्त झाला. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शाळकरी मुलींना पास मोफत आहे. पण सराव शाळा सुटल्यावर आणि गावाकडची शेवटची एसटी त्याच सुमाराला. मुलाला कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जाता येतं. मुलगी तशी बसली तर दुसऱ्या दिवशी गावभर होते आणि तिसऱ्या दिवशी स्थळ येतं. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्याला सुरू होतात. जिल्हा, विभाग करत त्या वर चढेपर्यंत वऱ्हाडात कापूस फुटलेला असतो. वेचणी बायकांची आणि पोरींची. माय म्हणते, "खेळून का पोट भरते?" तिला जिद्दीवर भाषण देऊ नका. तिच्या घरात एका पोरीची मजुरी बुडाली तर काय होतं, ते तिला कळतं.

हे अडथळे चित्रात येऊ शकत नाहीत असं नाही. नागराज मंजुळेंच्या 'झुंड'मध्ये (2022) नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळतात. तिथं मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत आहे आणि ती पडद्यावर दिसते. रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी मुलगी ओळखीच्या कागदपत्रांसाठी बापाबरोबर वणवण फिरते. तो कागद मिळवण्यातही सामन्याइतकाच थरार आहे. अशी एखादी चित्रकथा आपल्या मुलींनीच काढावी. शिबिरात कागद-खडू तर आपण नेहमीच देतो. दर वेळी झाड आणि घरच का काढायला सांगतो?

अमरावतीला व्यायामाचा अभिमान आहे आणि तो योग्य आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, त्याचा संघ 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी, खो-खो, मल्लखांब दाखवून आला. पण त्या गावापासून वीस-पंचवीस कोसांवरच्या शाळेत मुलींच्या वाट्याला चेंडू येतो का, हे आपण विचारायचं. मोबाइल काढून घेण्याचा ठराव म्हणून मी नामंजूर करते. त्याऐवजी कामं वाटून घेऊ. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत मैदान किती, मुलींचे संघ किती, मुलींच्या संघाबरोबर स्पर्धेला बाई शिक्षिका जाते की नाही आणि त्यांना प्रवासभत्ता कोण देतं, याचा माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे. अकोल्याच्या गटानं तो जिल्हा क्रीडा कार्यालयात द्यायचा, अमरावतीच्या गटानं जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाचं ठिकाण' म्हणून क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागासुद्धा लिहिलेली आहे, ती निवासी असो वा नसो. तक्रार समितीची पाटी तिथं लागली आहे का, हे प्रत्येकीनं आपल्या भागात जाऊन बघायचं. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर 2012 चा पॉक्सो कायदा आहेच. एसटीच्या वेळेबद्दलचं निवेदन आगारप्रमुखांना द्यायचं आहे. त्यावर आईबापांच्या सह्या हव्यात, म्हणून ते वेचणी सुरू व्हायच्या आत फिरवायला हवं.