अफूचे कुलूप आणि श्रेयाचा हिशेब

अफू हा जिन्नस व्यापारी समाजाला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि तिच्या भावाच्या चढउतारावर पेढ्यांचे भवितव्य ठरत असे. तिचे गुणदोषही जगाला शतकानुशतके ठाऊक होते. तिने वेदना शमते, मन सैल होते आणि एकदा सवय जडली की माणूस तिचा दास होतो. मात्र चिमूटभर पदार्थ मेंदूत जाऊन नेमके काय करतो, याचे प्रत्यक्ष प्रमाण १९७२ सालापर्यंत कोणाच्याही हाती नव्हते. ते ज्यांनी मिळविले त्या कँडेस पर्ट त्या वेळी सव्वीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या, एका लहान मुलाच्या माता होत्या, आणि त्यांना अद्याप पीएच.डी. मिळालेली नव्हती.

मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात. एका पेशीने सोडलेले रसायन दुसरीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि कुलपात किल्ली फिरावी तसा पुढील परिणाम घडतो. या प्रथिनाला इंग्रजीत रिसेप्टर व मराठीत ग्राही म्हणतात. (ग्राहक हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे, ही गोष्ट दुकानदार वाचकांना गमतीची वाटेल.) मॉर्फिनसाठीही असा ग्राही असला पाहिजे, असा तर्क पुष्कळांनी केला होता. स्टॅनफर्ड येथील एव्रम गोल्डस्टीन यांनी तो कसा शोधावा याची दिशाही १९७१ मध्ये दाखविली होती. पण प्रत्यक्षात तो कोणाला सापडला नव्हता.

पर्ट १९७० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. त्यापूर्वीच घोड्यावरून पडून त्यांच्या पाठीचा मणका मोडला होता आणि रुग्णालयात मॉर्फिनचा प्रभाव त्यांनी स्वतः अनुभवला होता. स्नायडर हे मूळचे मानसोपचारतज्ज्ञ, कल्पनांचे धनी आणि काळाची नाडी ओळखणारे गृहस्थ. व्हिएतनाममधून हेरॉइनच्या आहारी जाऊन परतणाऱ्या सैनिकांमुळे अमेरिकेत खळबळ उडाली होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये अमली पदार्थांविरुद्ध युद्धाची घोषणा केली आणि संशोधनासाठी निधी उपलब्ध झाला. स्नायडर यांनी तो मिळविला आणि अफूच्या ग्राहीचा शोध या विद्यार्थिनीकडे सोपविला.

प्रारंभीचे अनेक महिने निष्फळ गेले. किरणोत्सर्गी खूण केलेले मॉर्फिनसदृश द्रव्य मेंदूच्या वाटलेल्या पेशीजालात मिसळायचे, मिश्रण गाळायचे आणि गाळणीवर किती खूण उरली ते मोजायचे, ही रीत होती. उरत काहीच नसे. पर्ट यांनी आत्मकथनात लिहिल्याप्रमाणे स्नायडर यांनी अखेर हा नाद सोडण्यास सांगितले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. न खपणाऱ्या मालात कोणी किती काळ भांडवल गुंतवावे? परंतु पर्ट थांबल्या नाहीत. मॉर्फिनचा परिणाम उलटविणारे नॅलोक्झोन नावाचे औषध त्याच ग्राहीला अधिक घट्ट चिकटत असावे, असा विचार करून त्यांनी त्याच्यावर किरणोत्सर्गी खूण करवून घेतली. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये गाळणीवरील आकडे प्रथमच बोलू लागले.

निष्कर्षाची खातरी करण्याची पद्धत मोठी सुंदर होती. लेव्हॉर्फनॉल आणि डेक्स्ट्रॉर्फन ही दोन द्रव्ये डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी परस्परांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. पहिले वेदनाशामक आहे, दुसऱ्यात तो गुण नाही. पहिल्याने नॅलोक्झोनला ग्राहीवरून दूर सारले, दुसऱ्याला ते जमले नाही. याचा अर्थ हे चिकटणे आकस्मिक नसून कुलूप-किल्लीचे होते. (या प्रयोगांत मुक्या जीवांचे, विशेषतः उंदरांचे, प्राण गेले, याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.) मार्च १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख प्रसिद्ध झाला. प्रथम नाव पर्ट यांचे, दुसरे स्नायडर यांचे. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनमधील उप्साला येथील लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे हाच शोध जाहीर केला.

आता एक नवाच प्रश्न उभा राहिला. अफू तर खसखशीच्या बोंडातून येते; मग तिचे कुलूप माणसाच्या मेंदूत कशासाठी? स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे द्रव्य वेगळे केले आणि शरीर स्वतःची अफू स्वतःच निर्माण करते, हे दाखवून दिले.

१९७८ चे लास्कर पारितोषिक या संशोधनाला मिळाले. अमेरिकेतील वैद्यकीय क्षेत्रातला हा अतिशय मानाचा पुरस्कार, आणि त्याच्या मानकऱ्यांपैकी अनेकांना पुढे नोबेलही लाभलेले आहे. नावे तीन होती : स्नायडर, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ. ह्यूज हे कॉस्टरलिट्झ यांचे तरुण सहकारी. त्यांचा समावेश झाला, पर्ट यांचा झाला नाही. पर्ट यांनी मेरी लास्कर यांना पत्र लिहून आपला निषेध कळविला आणि प्रकरण वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. विज्ञानाच्या जगात शिष्याने असे उघड बोलणे शिष्टसंमत मानले जात नसे, आणि ती शिष्या स्त्री असली तर त्याहूनही नाही.

हिशेब निष्पक्षपणे मांडला तर दोन्ही बाजूंना जमा आहे. विषय, निधी, जागा आणि गाळण्याच्या तंत्राची ओळख स्नायडर यांच्या प्रयोगशाळेची होती. पुढे त्याच तंत्राने तेथे इतर अनेक ग्राहींचा अभ्यास झाला. परंतु काम थांबविण्याची सूचना आल्यावरही ज्या हातांनी ते चालू ठेवले, त्या हातांचे नाव खतावणीत नसावे, हे न्यायाला धरून नव्हते. आश्चर्य असे की, या घराण्याला हा प्रसंग नवा नव्हता. स्नायडर यांचे गुरू ज्युलियस ॲक्सेलरॉड. त्यांनी १९४८ मध्ये आपले गुरू बर्नार्ड ब्रॉडी यांच्यासह, आज घरोघरी असणाऱ्या पॅरासिटामॉलचे गुण दाखविले. परंतु पुढे एका शोधाच्या श्रेयावरून दोघांत दुरावा आला आणि ॲक्सेलरॉड यांनी वेगळी वाट धरली. १९५५ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि १९७० मध्ये नोबेल. गुरूकडून दुखावलेल्या माणसाच्याच शिष्याच्या दारी तोच वाद पुन्हा यावा!

अफूच्या ग्राहीच्या शोधाला नोबेल पारितोषिक कधीच मिळाले नाही. स्नायडर यांनी १९८० मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये मज्जाविज्ञान विभाग स्थापन केला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पर्ट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम केले. १९८६ मध्ये त्यांनी ‘पेप्टाइड टी’ हे द्रव्य एड्सवर उपयोगी ठरेल असे सुचविले, परंतु रुग्णांवरील चाचण्यांत ती आशा फळाला आली नाही. मन आणि शरीर यांच्या नात्यावरील त्यांची व्याख्याने लोकप्रिय झाली. कित्येक सहकाऱ्यांना त्यांतील विधाने पुराव्याच्या पुढे धावणारी वाटत, आणि त्या आक्षेपात तथ्य होते. सप्टेंबर २०१३ मध्ये वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी गाळणीवर मोजलेले नॅलोक्झोन आज अमेरिकेत नाकात फवारण्याच्या औषधाच्या रूपाने दुकानात चिठ्ठीवाचून विकत मिळते. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने श्वास थांबू लागलेल्या माणसाला ते दिले की, त्याच ग्राहीवरून मॉर्फिनला हटवून ते काही मिनिटांत श्वास पूर्ववत सुरू करते.