वजन नातीचे, डबे आमचे

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर दिवाणखान्यात अंधारात मोबाईलचा उजेड. माझी चौदा वर्षांची नात कोचावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. काय बघतेस म्हणून डोकावलो, तर पडद्यावर कोणी बाई तव्यावर लोणी सोडून पावभाजी घोटत होती. त्याआधी बिर्याणी झाली होती, त्याआधी चॉकलेटचा केक. संध्याकाळी मात्र ही मुलगी ‘भूक नाही’ म्हणून दोन काकड्या खाऊन पानावरून उठली होती. महिनाभर हेच चालले होते. आम्ही त्याला ‘डाएट’ म्हणत होतो, आणि खरे सांगायचे तर कौतुकाने म्हणत होतो.

1972च्या दुष्काळावर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी भुकेविषयी बरेच वाचले होते. त्यातला एक प्रयोग त्या रात्री आठवला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवले. हे तरुण खाण्याची स्वप्ने पाहू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले. उपासमार संपल्यावर काहींना खाणे थांबवता येईना. त्यांना दिवसाला साधारण 1,570 कॅलरी मिळत होत्या. आपल्याकडे आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची रोजची गरज 2,400 धरली आहे. आमच्या नातीच्या दोन काकड्या यात कुठे बसतात, हे सांगायला बँकेत चौतीस वर्षे काढावी लागत नाहीत.

हे खूळ तिच्या डोक्यात घातले कोणी, याचा शोध घ्यायला मला लांब जावे लागले नाही. मी तिला लहानपणापासून ‘लाडू’ म्हणतो. एप्रिलात एका मुंजीत मी तशीच हाक मारली आणि शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “आता लाडू नको हो म्हणू, परातभर झालीय.” पंगत हसली. मीही हसलो. तेव्हा तिने पानातली जिलबी बाजूला सारली होती, हे मला पुष्कळ नंतर आठवले.

मे महिन्यात तिला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांकडे नेले. वजन वयाच्या मानाने जास्त, आणि हिमोग्लोबिन दहा. सूनबाई चक्रावली. अंगाने भरलेल्या मुलीत रक्त कमी कसे? पण पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. त्या सगळ्या काही उपाशी घरातल्या नव्हेत. डॉक्टर म्हणाले, “वजन उतरवायची घाई नको. आहे तिथं थांबलं तरी सध्या पुरे. आणि जेवण चुकवायचं नाही, एकही.” पाळी लांबते आहे का, जेवून ओकते का, हेही त्यांनी तिला एकटीला बसवून विचारले. ज्या घरात मुलगी असे लपूनछपून काही करत असेल, त्यांनी माझा लेख वाचण्यात वेळ न घालवता आधी तपासून घ्यावे.

घरी आल्यावर जुनी सवय उफाळली आणि मी हिशेबाला बसलो. पाच माणसांत महिन्याला सात लिटर तेल. म्हणजे माणशी रोज नऊ चहाचे चमचे. मग फडताळातले डबे उघडले. फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटे, बाकरवडी. यातले निम्मे माझ्या चहासाठी. मला स्वतःला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे, ही बाब लिहायला लाज वाटते. फ्रिजमध्ये पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली कोल्ड्रिंकची बाटली. असल्या पेयाच्या 300 मिलिलिटरमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, ते चांगलेच केले. पण फलक शाळेत आणि बाटली घरात, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे एवढेच की, वाढत्या वयाच्या मुलीला वेगळे पान वाढू नये. चौघे भजी खाताहेत आणि पाचवीपुढे उकडलेला दुधी, ही शिक्षा झाली. खायचे तर सगळ्यांनी तेच खायचे. आम्ही ओट्सही आणले नाहीत आणि कसली पावडरही नाही. माझे गाव सोलापूरकडले, तेव्हा मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आली. रात्री भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, वर लिंबू. मेथी, शेपू, चाकवत यांतली एखादी पालेभाजी. काकडी-गाजराची कोशिंबीर, ताक. भात वाटीभर. सकाळी बिस्किटांऐवजी थालीपीठ, नाहीतर अंडे. जेवणाला लागून चहा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. खरा तिढा संध्याकाळचा होता. चार ते आठ क्लास, मध्ये कोपऱ्यावरची वडापावची गाडी. आता ती निघताना फुटाणे आणि एक पेरू किंवा केळे घेऊन जाते. वडापाव बंद नाही. शनिवारी सगळे मिळून खातो, आणि गाडीवर उभे राहूनच खातो.

“आम्ही नाही का सगळं खाल्लं?” असे माझे मित्र म्हणतात. खाल्ले, पण शाळा दोन मैलांवर होती आणि दिवेलागणीपर्यंत हुतुतू चालायचा. या पोरांना रोज तासभर तरी घाम येईल असे खेळणे हवे, असे तज्ज्ञ सांगतात. क्लासच्या वेळापत्रकात तो तास कुठे आहे? आम्ही शेवटी गणिताचा जादा क्लास सोडला. मुलगा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता. तिला बॅडमिंटन आवडते, आणि रात्री ती साडेदहाला झोपते.

सौ.ला हे सारे सोपे गेले नाही. नातीने नको म्हटले की तिला अपमान वाटतो आणि दुसऱ्यांदा मागितले की काळजी. वजनाचा काटा तिनेच माळ्यावर टाकला, त्यामुळे किती उतरले ते मला सांगता येणार नाही. सप्टेंबरात हिमोग्लोबिन साडेअकरा होते.

परवा रात्री नातीने दुसरी भाकरी मागितली. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. माझ्या जिभेवर काहीतरी गमतीचे आले होते. मी ताकाचा पेला तोंडाला लावला.