कॅल्क्युलेटरचं बटण रिकामं, पण ‘शेतकऱ्या’ला जागा नाही

तालुक्यात फिरणाऱ्या सूचना जरा नीट वाचा. ‘शेतकर्यांनी नोंदणी करावी.’ कांदा असो की पीकविमा, ज्याच्यासाठी कागद काढला त्याचंच नाव चुकलेलं. कुणी म्हणेल, जाऊ द्या ना भाऊ, अर्थ कळतो. माणसाला कळतो हो, कॉम्प्युटरला नाही. फाईलमध्ये ‘शेतकऱ्यांनी’ असं टाकून शोधलं, तर ‘शेतकर्यांनी’ लिहिलेली ओळ साध्या शोधात सापडत नाही.

टाईप करणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, तेव्हा ऱ येतो. मग त्याचा पाय मोडा, मग य. दिवसभर कागद काढणारा माणूस शिफ्ट विसरणारच. ‘ॲ’ची तीच रड. युनिकोडमध्ये तो 2008 साली आला, जुन्या मांडणीत मात्र हिंदीचा ‘ऍ’ बसलेला. रुपयाचं बघा, चिन्ह ठरलं जुलै 2010 मध्ये आणि आता 4 च्या बटणावर छापूनसुद्धा येतं. पैशाला जागा लगेच मिळते!

आता त्याच कीबोर्डवरची जादा बटणं बघा. कॅल्क्युलेटर, ईमेल, होम पेज. पैसे मोजलेत, बोट कुणाचं लागत नाही. लिनक्सवर ही बटणं हवी तशी वळवता येतात, तेही फुकट. टर्मिनलमध्ये एक्सेव्ह चालवा आणि बटण दाबा, त्याचा नंबर दिसतो. कॅल्क्युलेटरचा बहुतेक 148, ईमेलचा 163. मग एक्समॉडमॅपला सांगायचं की 148 म्हणजे यू0972, हा झाला ॲ. 163 म्हणजे यू0931, हा ऱ. शिफ्टची कटकट गेली. मशीन बंद केलं की हे पुसलं जातं, म्हणून त्या दोन ओळी स्टार्टअपमध्ये टाकून ठेवायच्या. नव्या लिनक्समध्ये वेलँड असेल तर ही युक्ती चालत नाही. लॉगिनच्या पडद्यावर एक्स-ऑर्ग मिळत असेल तर ते निवडा, नाहीतर मांडणीची फाईलच बदलावी लागते. ते जरा किचकट आहे. काही लॅपटॉपची एफएन बटणं नंबरच देत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला 30 शब्दांचा वेग मोजतात. हे कुणी शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच, सरकारी पैशाने कीबोर्ड घेताय, तर मशीन टेबलावर ठेवायच्या आधी ही दोन बटणं लावून द्या. कॉम्प्युटर शिकलेल्या एका पोराचं अर्ध्या तासाचं काम आहे. साक्री, पिंपळनेरकडच्या ज्या शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स आहे, त्या सरांनी खाली कळवा. सुरुवात तिथूनच करू.